रजिस्ट्रीची फी एकानं वाढवली, दुसऱ्यानं कमी का नाही केली?

रामबागवाले
नमस्कार मंडळी. मी इथं लिहीत कमी, वाचतोच जास्त, पण परवापासून एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाही राहिली म्हणून लिहितो आहे, लांबेल, सांभाळून घ्या.

मुलासाठी इथं इंदूरजवळ राऊकडे एक फ्लॅट बघितला. माझ्या रिटायरमेंटचे थोडे पैसे, हिचं थोडं सोनं, बाकी मुलाचं लोन. सौदा ठरला, बयाणा दिला, आणि रजिस्ट्रीचा खर्च काय येतो ते बघायला रजिस्ट्रीचे कागद करून देणाऱ्या सर्व्हिस प्रोव्हायडरकडे गेलो. कलेक्टर गाइडलाइननं, म्हणजे शासनानं ठरवलेल्या दरानं, किंमत ४० लाख निघाली. त्या मुलानं आकडे टाकले आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली, ५ लाख रुपये. मी विचारलं, बेटा, यात तुझी फी पण धरली आहे का? तर म्हणाला नाही काका, हे सगळं शासनाचं, माझं वेगळं.

मी त्याला म्हटलं जरा फोड करून सांग. स्टॅम्प ड्यूटी ५ टक्के, नगर निगमचे ३, जनपदचा म्हणजे ग्रामीण भागातल्या पंचायतीचा १, उपकर अर्धा टक्का, आणि वर रजिस्ट्रेशन फी ३ टक्के. एकूण साडेबारा. आता स्टॅम्प ड्यूटी म्हणजे कर, तो राज्य घेणारच, पूर्वीपासून घेतं. निगमचं पण समजू शकतो, रस्ता ड्रेनेज त्यांना करायचं असतं. पण मी राहणार शहरात आणि जनपदला १ टक्का का देतो आहे ते मला त्या मुलानं पण नाही सांगितलं आणि नंतर तीन जणांना विचारलं त्यांना पण नाही माहीत. आणि रजिस्ट्रेशनचे ३ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, ते कशाचे? फोटो काढतात, अंगठा घेतात, कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये जातो. २० लाखाचं घर असलं तरी तेवढंच काम आणि २ कोटीचा बंगला असला तरी तेवढंच काम.

संध्याकाळी खाली कट्ट्यावर हे बोललो तर दोन शेजाऱ्यांचं भांडण लागलं. एक म्हणाले ही फी काँग्रेसनं वाढवली २०१९ मध्ये. दुसरे म्हणाले २००३ पासून आतापर्यंत मधले पंधरा महिने सोडले तर मध्य प्रदेशात सरकार भाजपचंच आहे, मग कमी का नाही केली. दोघंही तावातावानं बोलत होते आणि माझी चिठ्ठी, जिच्यावर मी हिशेब लिहून आणला होता, ती तिथंच पडून राहिली. कोणाचा पक्ष चांगला हे मला या वयात कोणाकडून शिकायचं नाहीये. माझा प्रश्न फक्त त्या १ लाख २० हजारांचा आहे. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

सुदामानगरची
काका आधी कामाचं सांगते मग बाकीचं. रजिस्ट्री एकट्या बाईच्या नावानं केली तर रजिस्ट्रेशन फी ३ च्या जागी १ टक्का लागते, २०२१ पासून आहे हे. म्हणजे तुमचे सरळ ८० हजार वाचतात. आम्ही आमच्या फ्लॅटची माझ्याच नावानं केली. लोन मुलाच्या नावावर आहे म्हणता तर बँकेला आधी विचारून घ्या, त्यांना मालक आणि कर्जदार यांचा मेळ लागतो. काकूंच्या नावानं किंवा सुनेच्या नावानं करा, यात अवघडण्यासारखं काही नाही. माझ्या आईच्या नावावर जन्मभर एक भिंत पण नव्हती, म्हणून मला तरी ही सूट फार मोलाची वाटते, कोणीही दिली असो.

माळव्यातला
मी तुमच्या पहिल्या शेजाऱ्यांच्या बाजूचा आहे, लपवत नाही. २०१९ च्या आधी रजिस्ट्रेशन फी ०.८ टक्के होती. एक टक्का सुद्धा नाही. काँग्रेसच्या कमलनाथ सरकारनं ती ३ टक्के केली आणि एकूण १०.३ वरून १२.५ झालं. हे रेकॉर्डवर आहे. डिसेंबर २०१८ ला आले, मार्च २०२० ला गेले, तेवढ्यात हे करून गेले.

निवृत्त_लेखापाल
माळव्यातला, आकडे बरोबर आहेत तुमचे पण अर्धेच सांगितले. त्याच वेळी त्या सरकारनं कलेक्टर गाइडलाइन २० टक्के कमी केली होती, ते पण रेकॉर्डवर आहे. मी आयुष्यभर हिशेबच तपासले म्हणून करून दाखवतो, रामबागवाल्यांचाच आकडा घेऊ.

२०१९ च्या आधी ४० लाख गाइडलाइनचा फ्लॅट, १०.३ टक्के, म्हणजे ४ लाख १२ हजार.
गाइडलाइन २० टक्के उतरली तर तोच फ्लॅट ३२ लाखाचा झाला, त्यावर १२.५ टक्के म्हणजे बरोबर ४ लाख.

म्हणजे त्या दिवशी घेणाऱ्याचं नुकसान नाही झालं, उलट १२ हजार वाचले. बाजारात भाव पडलेले होते आणि गाइडलाइन वर राहिली होती, खरा सौदा कमीचा आणि ड्यूटी जास्तीवर, हे लोक तेव्हा ओरडून सांगत होते म्हणून गाइडलाइन उतरवली, आणि खजिन्याचं नुकसान होऊ नये म्हणून फी चढवली. पटो न पटो, पण त्यात एक हिशेब होता.

आता खरी गोम ऐका. गाइडलाइन दर वर्षी ठरते. ती नंतर पुन्हा वाढत गेली, कॉलन्यांच्या कॉलन्या वाढल्या, बायपासच्या बाजूचं तर विचारूच नका. पण गाइडलाइन उतरवली होती म्हणून जी फी चढवली होती ती ३ टक्केच राहिली. ज्या कारणानं चढली ते कारण गेलं आणि फी मागे राहिली. मार्च २०२० नंतर जे सरकार आलं त्यांना हे सगळं माहीत होतं, विरोधात असताना बोलले पण होते. त्यांनी कोरोनात काही महिन्यांसाठी निगमचा भाग ३ वरून १ केला होता, नंतर बायकांना २ टक्के सूट दिली, दोन्हीसाठी धन्यवाद. पण मूळ ३ टक्क्यांना हात नाही लावला.

मी हे का सांगतो आहे, कारण कट्ट्यावरच्या भांडणात दोघंही खरं बोलत होते. एकानं चढवली आणि दुसऱ्यानं ठेवली. दोघांच्या मधे ते १ लाख २० हजार रामबागवाल्यांच्या खिशातून चालले.

रामबागवाले
लेखापाल साहेब, तुमचा हिशेब प्रिंट काढून शेजाऱ्यांना दाखवला. दोघंही पहिल्यांदा गप्प बसून वाचत होते.

कोर्टातली_ताई
वकिली करते म्हणून एक मुद्दा मांडते, काकांच्या मूळ प्रश्नाला धरून. कर आणि फी या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर दिला की त्याच्या बदल्यात मला अमुक मिळालं पाहिजे असं म्हणता नाही येत, तो सगळ्यांच्या कामासाठी असतो. फी मात्र एखाद्या सेवेच्या बदल्यात असते. सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्ये शिरूर मठाच्या केसमध्ये हा फरक स्पष्ट केला होता. नंतरच्या निकालांनी ते थोडं सैल केलं, फी आणि खर्च पैशा-पैशानं जुळायलाच पाहिजे असं नाही, पण दोघांचा काहीतरी वाजवी संबंध असावा हे अजून आहे.

म्हणून काका तुम्ही फोटो आणि अंगठ्याचं जे लिहिलं ते निव्वळ राग नाहीये, तोच बरोबर प्रश्न आहे. सेवा तीच आणि फी किमतीच्या टक्क्यानं, तर ती नावाला फी आणि कामाला करच झाली. कर वाढवायचा तर विधानसभेत बजेटमध्ये आणा, त्यावर चर्चा होऊ द्या, आमदारानं हात वर करावा किंवा खाली ठेवावा. फीचं तसं नसतं, कितीतरी फी अधिसूचनेनं बदलतात, राजपत्रात छापून येतं आणि आपल्याला खिडकीवर कळतं.

पुण्यात_इंदूरकर
माझा जन्म मल्हारगंजमधला, गेली अठरा वर्षं पुण्यात. इथला हिशेब सांगतो. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन फी १ टक्का आहे पण तिला वर झाकण आहे, ३० हजार. ३० लाखाचं घर असो की ३ कोटीचं, ३० हजाराच्या वर नाही. स्टॅम्प ड्यूटी पुण्यात मेट्रो वगैरे धरून ७ टक्के. म्हणजे ४० लाखाच्या फ्लॅटवर २ लाख ८० हजार अधिक ३० हजार, ३ लाख १० हजार. बाईच्या नावानं घेतलं तर १ टक्का अजून कमी.

इथं सगळं चांगलं आहे असं नाही म्हणत, ४० लाखात पुण्यात घर मिळतं कुठं. पण ते ३० हजाराचं झाकण मात्र मला न्यायाचं वाटतं. तसं झाकण मध्य प्रदेशात बसवायला कोणत्या पक्षाचं काय बिघडतं?

सियागंजचा_दुकानदार
रजिस्ट्री आयुष्यात एकदा दोनदा होते, पेट्रोल रोजचं आहे. आपल्याकडे पेट्रोलवर व्हॅट २९ टक्के, वर लीटरमागे अडीच रुपये, वर १ टक्का सेस. तीन-तीन वेळा लावलेलं एकाच थेंबावर. आणि याची पण तीच गोष्ट आहे जी लेखापालांनी सांगितली. २०१९ मध्ये काँग्रेसनं लीटरमागे २ रुपये वाढवले. २०२० च्या जूनमध्ये भाजपनं कोरोनाच्या नावानं अजून १ रुपया वाढवला. २०२१ च्या दिवाळीला व्हॅट ३३ चा २९ झाला ते पण सांगतो, कारण खोटं बोलायचं नाही. पण मालाची गाडी देवासहून येते तेव्हा भाडं सांगणारा मला पक्षाचं नाव नाही सांगत, तो भाडंच सांगतो आणि मी ते किराण्यात टाकतो, आणि मग ते कोणाच्या डब्यात जातं हे इथल्या सगळ्या बायकांना माहीत आहे.

माळव्यातला
मी मान्य करतो लेखापाल काकांचं, गाइडलाइनची बाजू मला माहीत नव्हती. पण एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. पैसा लागतोच. लाडली बहना २०२३ च्या जूनमध्ये १००० रुपयांनी सुरू झाली, त्याच वर्षी १२५० झाली, आता १५००. सव्वा कोटीच्या आसपास बायकांना दर महिन्याला. हे कुठून येणार? फी कमी करा पण म्हणायचं आणि खात्यात पैसे पण टाका म्हणायचं, दोन्ही कसं होईल. आणि काँग्रेसनं तरी निवडणुकीत १५०० चं आश्वासन दिलंच होतं, म्हणजे दोघंही एकाच रस्त्यावर.

सुदामानगरची
दादा यावर मला बोलायचंच आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना ते पैसे मिळतात. पहिल्या महिन्यात त्यांनी मुलीचा चष्मा केला, वर्षभर ती मुलगी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. त्या पैशांवर बोट ठेवताना मला ती मुलगी आठवते. तुमचा प्रश्न चूक नाहीये, पैसा लागतोच. पण मग तसं सांगा ना उघड, की अमुक योजनेसाठी तमुक कर वाढवला. ताईंनी गावाकडे एक छोटा प्लॉट घेतला तर त्यांना पण ही सगळी टक्केवारी लागणारच आहे. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जातं तेव्हा त्या दुसऱ्या हाताचा पण फोटो लागला पाहिजे पोस्टरवर.

निवृत्त_लेखापाल
योजनांच्या नावांचं पण बघा. १०० युनिट वीज १०० रुपयात, ही २०१९ ला इंदिरा गृह ज्योती म्हणून आली. सरकार बदललं, योजना राहिली, नाव अटल गृह ज्योती झालं. सामान्य माणसासाठी चांगलंच झालं की ती बंद नाही झाली. म्हणजे दुसऱ्यानं केलेली गोष्ट तपासून ठेवायची की बदलायची हे सरकारला जमतं. वीजबिलाचं नाव बदलायला वेळ मिळाला तर फीच्या ३ टक्क्यांवर एकदा बसून बघायला पण मिळायला हवा होता. नाव बदलण्याला खर्च येत नाही आणि फी कमी करण्याला येतो, एवढाच फरक मला दिसतो.

भंवरकुआंवाली
मी वयानं सगळ्यांत लहान असेन इथं. घर विकत घेणं आमच्या फार पुढची गोष्ट आहे, आमच्यासाठी सरकारी फी म्हणजे फॉर्मची फी. मी चार वर्षांपासून तयारी करते आहे, पीएससीची पण आणि मंडळाच्या परीक्षांची पण. त्या मंडळाचं नाव आधी व्यापम होतं. २०१३ मध्ये आपल्याच इंदूरमध्ये पीएमटीचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, नकली परीक्षार्थी पकडले तिथून व्यापमचा घोटाळा उघडा पडला, २०१५ मध्ये सीबीआयकडे गेला, मग मंडळाचं नाव बदललं, परत एकदा बदललं. आता कर्मचारी चयन मंडळ आहे.

दर फॉर्मला फी, वर पोर्टलचे वेगळे, कियोस्कवाल्याचे वेगळे, परीक्षा दुसऱ्या शहरात आली तर बसचे वेगळे. रूमवर आम्ही तिघी आहोत, एका महिन्यात दोन फॉर्म आले तर तिसऱ्या आठवड्यात भाजी बंद होते, हे मी वाढवून नाही सांगत. आणि फी भरून परीक्षा देऊन पास होऊन पण काय, तर ८७-१३. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, २०१९ मध्ये ओबीसी आरक्षण १४ चं २७ केलं, त्यावर हायकोर्टात केसेस झाल्या, मग २०२२ मध्ये सरकारनं फॉर्म्युला काढला की ८७ टक्के पदांचा रिझल्ट लावायचा आणि १३ टक्के थांबवायचा. त्या १३ टक्क्यांत ओबीसीची मुलं पण अडकली आणि जनरलची पण. काँग्रेस म्हणते आम्ही २७ दिलं, भाजप म्हणते आम्ही पण देऊन राहिलो. माझी रूममेट त्या १३ मध्ये आहे. तिला रोज घरून फोन येतो की पास झालीस ना मग नोकरी कुठं आहे. ती रडते पण नाही आता.

रामबागवाले काका, तुमचा १ लाख २० हजाराचा प्रश्न आणि आमचा पाचशे रुपयांचा प्रश्न एकच आहे असं मला वाटतं. पैसे घेताना तारीख असते, शेवटची तारीख पण असते, उशीर झाला तर लेट फी. देताना कोणाला तारीख नसते.

रामबागवाले
बेटा, तुझं वाचून माझं लिहिणं मला छोटं वाटायला लागलं. जेवायला कधी पण ये, तिघीही या. रामबागेतच आहोत.

कोर्टातली_ताई
भंवरकुआंवाली, देण्याच्या तारखेबद्दल एक. आपल्याच राज्यानं २०१० मध्ये देशात सगळ्यांत आधी लोकसेवा गॅरंटी कायदा केला होता. अमुक दाखला इतक्या दिवसांत, नाही दिला तर अधिकाऱ्याला रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० दंड, आणि तो अर्जदाराला मिळू शकतो. माझ्या एका अशिलाला जातीच्या दाखल्यात याचा खरंच उपयोग झाला, अपील लावलं आणि आठ दिवसांत दाखला हातात. कायदा चांगला आहे, पण नोकरभरतीचा निकाल आणि नियुक्ती त्यात येत नाही. यायला पाहिजे, हे मी मनापासून म्हणते.

पलासियावरून
मंडळी तुम्ही सगळं बरोबर बोलता पण विचारायचं कोणाला? जिल्ह्यातल्या विधानसभेच्या नऊच्या नऊ जागा २०२३ ला एकाच पक्षाला दिल्या. २०२४ च्या लोकसभेला तर इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी फॉर्म मागे घेतला, २ लाख १८ हजार ६७४ लोकांनी नोटा दाबला. मी पण त्यातली एक. रांगेत उभं राहून कोणालाच नको म्हणायचं, परत येताना मला आनंद नव्हता वाटला, घरी येऊन गप्प बसले होते. सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार म्हणून निवडून आल्या तेव्हा मी त्यांना मत दिलेलं आहे, समोर पण कोणीतरी उभं असायचं, सभा व्हायच्या, दोघांना प्रश्न विचारता यायचे. समोर कोणी नसलं की जिंकणाऱ्याला पण आपल्या गल्लीत यायची गरज नाही राहत. हे त्या पक्षासाठी पण वाईट आहे, मी त्यांचीच मतदार आहे तरी म्हणते.

जुनी_इंदूर_१९४८
माझं वय आयडीवरून समजेल. नातू टाइप करतो आहे, मी सांगतो आहे.

१९७० साली या शहराला पाणी नव्हतं. यशवंत सागर आणि बिलावली या तलावांचं पुरत नव्हतं. नर्मदा तिकडे सत्तर किलोमीटरवर आणि मधे घाट, सरकार म्हणायचं खर्च फार आहे. तेव्हा नर्मदेसाठी आंदोलन झालं. मी बावीस वर्षांचा होतो. त्यात काँग्रेसचे होते, जनसंघाचे होते, लाल झेंड्याचे होते, मिलचे मजूर, कॉलेजची पोरं, वकील, आपले मराठी मास्तर लोक, सगळे. कोणी कोणाला तुझा पक्ष कोणता हे नाही विचारलं. मागणी एकच होती, नर्मदा. ती मान्य झाली आणि १९७८ ला पाणी आलं. आमच्या घरी आईनं पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू लावलं होतं.

तुमच्या या फीच्या गोष्टीत एक मागणी काय ते ठरवा आधी. सगळं एकदम मागाल तर काहीच हातात नाही येणार. बाकी बोलणं बरंच झालं.

पुण्यात_इंदूरकर
आजोबांना नमस्कार सांग रे. माझं मत, एकच मागा, रजिस्ट्रेशन फीला वर झाकण.

सुदामानगरची
झाकण चांगलं आहे पण छोट्या घरवाल्याला त्याचा उपयोग नाही. २० लाखाच्या घरावर ३ टक्के म्हणजे ६० हजार, त्याचं काय? मी म्हणते ०.८ वर परत न्या, वाढवण्याचं जे कारण होतं तेच राहिलं नाही हे लेखापाल काकांनी दाखवलंच आहे.

माळव्यातला
सुदामानगरच्या ताईंशी सहमत. पक्ष माझा आहे म्हणूनच मी विचारणार. मी स्वतः आमदारांकडे कागद घेऊन जायला तयार आहे, त्यांच्याकडे माझं जाणं येणं आहे.

निवृत्त_लेखापाल
कागद नेण्याआधी माहिती काढा, नाहीतर तिथं बसलेला कोणीतरी एक वाक्य बोलेल आणि तुम्ही परत याल. माहितीच्या अधिकारात अर्ज लावा, फी १० रुपये. एवढं मात्र लक्षात ठेवा की आपल्या राज्यात पहिल्या अपीलला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये लागतात, केंद्राच्या ऑफिसात अपीलला काहीच लागत नाही. ५० चा स्टॅम्प आधीच घेऊन ठेवा.

रामबागवाले
रात्री बसून लिहिलं. ताई, तुम्ही एकदा कायद्याच्या दृष्टीनं बघा.

१. २०१९ मध्ये रजिस्ट्रेशन फी ०.८ वरून ३ टक्के केली त्या फाइलवरची टीप, कारण काय लिहिलं आहे त्याची प्रत.
२. तेव्हापासून दर वर्षी या फीतून इंदूर जिल्ह्यात किती रुपये जमा झाले आणि रजिस्ट्रीच्या कामावर किती खर्च झाले.
३. शहरी मालमत्तेवरचा जनपदचा १ टक्का कोणत्या जनपदला गेला आणि त्याचं काय केलं.

आणि हो, रजिस्ट्री हिच्या नावानं करायची ठरली, बँक पण तयार झाली. ४ लाख २० हजार लागतील. हिला सांगितलं तर म्हणाली, माझ्या नावावर घर? आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

कोर्टातली_ताई
काका, दुसऱ्या प्रश्नाचे दोन करा, जमा वेगळी आणि खर्च वेगळा, नाहीतर एकाचं उत्तर देऊन दुसरं सोडून देतील. तिसऱ्यात वर्ष टाका. बाकी ठीक आहे, अर्जावर माझी पण सही घ्या. काकूंचं अभिनंदन.

भंवरकुआंवाली
काका तुमच्या अर्जाबरोबर माझा पण एक पाठवते, मंडळानं गेल्या पाच वर्षांत परीक्षा फीचे किती घेतले आणि किती खर्च केले एवढाच. १० रुपये भरते. रविवारी तिघी येतो जेवायला, काकूंना सांगा.